डबल बेल

९ मे
पॅरिसहून ल्यूसर्नला जाताना, बसमध्ये

चि. नवीन यास,

अनेक आशीर्वाद. तू, रूपाली आणि पोरं धुळ्याच्या उन्हात तग धरून असाल असं समजते. आम्ही बापलेक, नाना आणि मी, खुशाल. अक्षर वेडंवाकडं आलं तर रस्त्याला बोल लावू नकोस. रस्ता असा आहे की पोटातलं पाणी हलत नाही. हलते आहे ती तुझ्या बहिणीची मांडी, कारण तिला मुंग्या आल्या आहेत.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू 'हं, हं' करत टीव्ही बघतोस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर अंगठा पाठवतोस. पत्र निदान उघडावं तरी लागतं.

सहलीच्या पत्रकावर युरोप दर्शन छापलं होतं. खरं दर्शन बसचं आहे. सकाळी नाश्ता कोंबून बसायचं, दुपारी कुठेतरी उतरून एका मनोऱ्यासमोर दात दाखवायचे, पुन्हा बसायचं. मधल्या वेळात सगळी बस झोपते. आमचा सहलप्रमुख अखिल, नाशिकचा गोड मुलगा, माइकवर सांगतो, "काका-काकू, डावीकडे बघा." डोळे उघडून मान वळेपर्यंत ते मागे गेलेलं असतं. मग जो तो शेजाऱ्याला विचारतो, काय होतं? आणि शेजारी म्हणतो, चांगलं होतं.

पाय सुजू नयेत म्हणून अखिल बसल्या बसल्या टाचा उचलायला लावतो. बायका पाणी पीत नाहीत, कारण बस थांबेल तेव्हाच जाता येतं. पुरुष पितात आणि मग बायकोकडे बघतात. आमच्या पुढे जळगावचेच दीपचंदभाऊ आणि चंद्रकांताभाभी आहेत. फुले मार्केटला कपड्याचं दुकान. रोज सगळ्यांनी दोन ओळी मागे सरकायचं, शेवटच्यांनी पुढे यायचं, असा नियम आहे, म्हणजे प्रत्येकाला कधीतरी पुढची काच मिळते. दीपचंदभाऊंनी दुसऱ्याच दिवशी पहाटे खाली जाऊन पहिल्या सीटवर रुमाल टाकला. पॅरिसमध्ये! ड्रायव्हर मारेक पोलंडचा आहे, त्याला रुमालाचा अर्थ कळेना. कुणीतरी विसरला म्हणून त्याने तो घडी करून हॉटेलच्या काउंटरवर नेऊन दिला. भाभी म्हणाल्या, "चाळीस वर्षं एसटीत चाललं, इथं नाही चाललं. बसा आता मागे."

नाना या सगळ्यांपेक्षा चांगले बसतात. तीस वर्षं एसटी चालवली, बसमध्ये बसणं हेच त्यांचं आयुष्य. फक्त उजवा पाय स्वस्थ नसतो. उतार आला, वळण आलं, पुढे ट्रक दिसला, की पाय खाली दाबतात. समोरच्या सीटखाली ब्रेक आहे असं धरूनच त्यांनी फ्रान्स ओलांडला. खिडकीबाहेर मैलोन् मैल पिवळी शेतं होती. मी अर्धवट झोपेत. वाटलं, आपण लहान आहोत, इंजिनाच्या बॉनेटवर टाकलेल्या गोधडीवर बसलोय, तू माझ्या खांद्यावर लाळ गाळतोयस, आणि नाना पारोळ्याच्या पुढे गाडी काढताहेत. डोळे उघडले तर खांद्यावर नानांचं डोकं. लाळ मात्र तीच.

निघताना आपलं काय ठरलं ते माझ्या लक्षात आहे. तू नानांसाठी नाशिकचं ते विसर पडणाऱ्या म्हाताऱ्यांचं काळजी केंद्र बघून ठेवलंस. मी म्हटलं, ज्या दिवशी नाना मला ओळखणार नाहीत, त्या दिवशी तू म्हणशील तिथे सही करीन. तर तसं काही नाही. ते मला हाक मारतात, पाणी हवं का विचारतात, वारा लागतो का बघतात. हल्ली 'बाई' म्हणतात एवढंच. चोपन्नाव्या वर्षी बापाने मान दिला तर तक्रार कशाला करू?

पुढे घाट आहे म्हणे. मांडी बदलते.

तुझी,
अक्का


१४ मे
ऑस्ट्रियातून इटलीकडे, पहिल्या सीटवरून

चि. नवीन,

पहिलं पत्र पोचलं असेल-नसेल. हे वाचशील तेव्हा ते बाजूला ठेव. त्यात सगळं खरं आहे, फक्त मधला एक डबा काढून ठेवलेला आहे.

इथे रस्ते डोंगराच्या पोटातून जातात. बोगदा सुरू झाला की बाहेरचं जग पुसलं जातं आणि काचेत आपलीच बस दिसू लागते, अंधारात तरंगणारी. बोगदा संपला की एकदम हिरवं कुरण, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, पुन्हा बोगदा. बाकी मंडळी झोपलेली. जागे आम्ही तिघंच: मारेक, नाना आणि मी. आपण कोणत्या देशात आहोत याबद्दल आम्हा तिघांतल्या फक्त एकाला खात्री आहे.

नानांचा देश ठरलेला आहे. ल्यूसर्नचं तळं लागलं तेव्हा म्हणाले, "गिरनाले पानी चांगलं शे यंदा." परवा एका चर्चचा कळस दिसला, तर म्हणाले, "एरंडोल उनं." मी आधी दुरुस्त करायची. नाना, हे स्वित्झर्लंड, नाना, हे बर्न. मग दुरुस्त करायचं सोडलं. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणं, त्यांचे जळगाव-धुळे रस्त्याचे थांबे ओळीने. नावं म्हणत म्हणत ते आल्प्स चढले, आणि खरं सांगते, मलाही त्या बर्फाखाली कुठेतरी केळीच्या बागा दिसायला लागल्या. अशा बसमध्ये बसून बसून माणसाचं काहीतरी सैल होतं. गुडघे आखडतात, पण बाकीचं सैल होतं.

आता तो डबा.

परवा एका थांब्यावर मंडळी चहा पिऊन आली. अखिलने डोकी मोजली, दार लागलं, बस निघाली. आणि नाना उभे राहिले. सरळ मधल्या वाटेत, हात वर.

"थांब! बेल नई वाजनी."

मारेकने ब्रेक मारला. चंद्रकांताभाभींचा खाकऱ्याचा डबा थेट मागच्या ओळीपर्यंत गेला. अखिल धावत आला, "आजोबा, बसून घ्या, बेल्ट लावा, इथे उभं राहिलं तर दंड होतो."

नाना त्याला म्हणाले, "भाऊ, तू कंडक्टर शे ना? मंग बेल दे. डबल बेल दिधाबिगर गाडी हालत नई."

अखिल माझ्याकडे बघू लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "अशा माणसांना आणायचंच कशाला?" मी मागे वळून उत्तर देणार होते. उत्तर तयारही होतं, तुला माझी जीभ माहीत आहे. पण नाना मान वळवून दाराकडेच बघत होते. त्यांना भीती वाटत होती, नवीन. भरलेली गाडी कुणाच्याही सांगण्याशिवाय निघाली आहे, दारात कुणाचा पाय असेल, कुणाचं पोर खाली राहिलं असेल, ही भीती. तीस वर्षांची सवय आहे ती. बाकीचं सगळं गेलं तरी ती राहिली.

मी हातातली बांगडी पाण्याच्या स्टीलच्या बाटलीवर वाजवली. टिंग. टिंग.

नाना बसले. बेल्ट लावून घेतला. म्हणाले, "हां. आते चाल."

तेव्हापासून बाटली माझ्याकडेच आहे. बस निघण्याआधी मी डबल बेल देते. कालपासून मारेक आरशात माझ्याकडे बघतो आणि बेल होईपर्यंत गाडी हलवत नाही. दीपचंदभाऊ मागून ओरडतात, "जाऊ द्या!" ज्याने आणायचंच कशाला म्हटलं होतं, तो आज सकाळी आपल्या बायकोवर खेकसला, "बस लवकर, बेल झाली." आजचा पुढच्या काचेचा नंबर खरं तर दीपचंदभाऊंचा. त्यांनी तो नानांना दिला. म्हणाले, "ड्रायव्हरला मागं कसं बसवायचं?" रुमाल टाकणाऱ्या माणसाकडून हे ऐकलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसले.

पण डबा अजून पूर्ण उघडला नाही मी.

त्या दिवशी बेल देऊन मी नानांशेजारी बसले. ते माझ्याकडे वळून मायेने म्हणाले, "तुले कोठे उतरनं शे, बाई?"

पहिल्यांदा नाही विचारलं त्यांनी हे. पॅरिसला उतरल्यापासून विचारताहेत. मी तुला 'बाई' लिहिलं ते मानाचं नव्हतं. गाडीतल्या एका बाईला ते बाई म्हणत होते.

थोड्या वेळाने लांबलचक बोगदा लागला. काचेत आम्ही दोघं शेजारी शेजारी, दिवे आमच्या तोंडांतून आरपार जात होते. नाना काचेतल्या मला म्हणाले, "मनी पोर बी तुन्हासारखीच बोलस. जयगावले दिन्ही शे."

मी विचारलं, "जळगावला दिलेली ती लेक, तोंडाळ आहे का?"

"शे जराशी." मग, "पन चांगली शे. मी डबल ड्युटी करी ऊनू का जागी ऱ्हायस ती."

बोगदा संपला. इतका उजेड आला की मला काही दिसेना. उजेडामुळेच, असं समज.

म्हणजे हिशेबाने मी हरले. नाना मला ओळखत नाहीत. आपल्या बोलीप्रमाणे घरी आल्या आल्या मी सही केली पाहिजे. तर ऐक, मी सही करणार नाही. आपल्या घरात शब्द फिरवण्याचा मान आजवर तुझा होता, आता म्हातारपणी मी घेते. मला वाटायचं, ज्या दिवशी बापाने लेकीला ओळखलं नाही त्या दिवशी सगळं संपलं. तो दिवस येऊन गेला. मी त्यांना मोजे घातले, त्यांचा बेल्ट लावला, आणि त्यांनी मला खिडकीची जागा दिली, कारण बाईमाणसाला गाडी लागते. ओळख नसताना एवढं जपणारा माणूस नाशिकला कुणाच्या हवाली करू? तिथे चांगले लोक असतील, मी वाईट म्हणत नाही. पण त्यांना बेल कुठे ठाऊक? नाना जळगावला माझ्याकडेच राहतील. शालिग्रामना, तुझ्या दाजींना, मी विचारलेलं नाही, त्यांना कळवलं आहे. "घरात एक ड्रायव्हर असला तर बरंच," एवढंच म्हणाले.

आता तुझं. तू दिवाळीपासून जळगावला आला नाहीस. कामं आहेत म्हणतोस. मला माहीत आहे काय झालं ते, मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तू वाकून नमस्कार केलास आणि नाना म्हणाले, "साहेब, गाडी फुल शे. मांगली गाडीवर या." तू हसलास. मग चपला घालून जो गेलास तो गेलास. धुळ्याला पोचून तू केंद्राचं पत्रक पाठवलंस. मी तेव्हा तुला काय काय बोलले. तू नानांना टाकायला निघालास असं म्हणाले. तू टाकायला निघाला नव्हतास, भावड्या. भर स्टँडवर तुलाच खाली ठेवून गाडी निघून गेली होती.

इटली आली वाटतं. पाट्या बदलल्या. नानांचा पाय आता शांत आहे. पुढची काच मिळाल्यापासून ते ब्रेक दाबत नाहीत, नुसते बघतात, मधूनच मारेककडे मान हलवतात, आणि तोही हलवतो. मघाशी पुन्हा विचारलं, "कोठे उतरनं शे, बाई?" मी म्हटलं, "तुम्ही न्याल तिथवर, नाना." ते म्हणाले, "मंग बस निवांत. धुये लांब शे अजून."

आम्ही आलो की पहिल्या रविवारी जळगावला ये. त्यांना 'मला ओळखलं का' असं विचारू नकोस, त्यांना परीक्षेला बसवू नकोस. ते कुठे जायचं विचारतील, तेवढं ठरवून ये. पारोळा सांग, मुकटी सांग, काहीही चालेल. गाडी फुल असेल अशी भीती धरू नकोस. मी शेजारच्या सीटवर तुझ्यासाठी रुमाल टाकून बसले आहे. तू येईपर्यंत बेल देणार नाही.

खिडकीजवळून,
तुझी अक्का