आखणीच्या दिवसांत अक्कलदाढ

२८ जुलै, सोमवार

उजवीकडची खालची, सगळ्यात मागची दाढ. चौथा दिवस. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, गाल तरी पुरीसारखा फुगलेला. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. श्रावणी सोमवार होता, उपास आयता घडला.

हे म्हणाले, चव्वेचाळिसाव्या वर्षी अक्कलदाढ दुखतेय म्हणजे आता तरी अक्कल येईल. मी म्हटलं, तुमची तर कधी दुखलीच नाही. गणपतीच्या कारखान्यात सगळे हसले. आक्कासुद्धा हसली. माझी ही थोरली जाऊ सहसा हसत नाही.

साठ जोड्या डोळे झाले आज. रंग, दागिने, पितांबर कोणीही करतं, डोळ्यांची आखणी मात्र आमच्याकडे मीच. सतरा ऑगस्टला रोह्याच्या मंडळाची मूर्ती जायची. चार फुटी, शाडूची. रंग पुरा झालाय, डोळे कोरे.

३१ जुलै, गुरुवार

रोहा. दातांचे डॉक्टर पेणला काय कमी आहेत? पण दुखायला लागलं की मला माहेर आठवतं. हमरापूरहून गाडीने गेले. दादा स्टेशनवर स्कूटर घेऊन उभा. माझा गाल बघून तोंड फिरवून हसला, मला दिसलं.

डॉक्टरीण वहिनीच्या ओळखीची. तरुण आहे, आवाज मोठा. एक्स-रे दाखवला. दाढ आडवी झोपलीय, पुढच्या दाढेवर डोकं टेकून. डावीकडची पण तशीच. ही आता काढायची, ती गणपतीनंतर. आधी सूज उतरायला पाच दिवस गोळ्या.

काम किती दिवस बंद, विचारलं. म्हणाली, तीन-चार दिवस आराम करा, तोंडाने काम करायचं नसेल तर मग हरकत नाही. मी म्हटलं, छे, हाताचं काम.

५ ऑगस्ट, मंगळवार

काढली. पाऊण तास. इंजेक्शन टोचलं तेवढंच कळलं, पुढे नुसते आवाज, सुतार आत बसवल्यासारखे. दोन तुकडे करून निघाली. घरी नेणार का, विचारलं. न्यायची तर. एवढं छळलं तिने. कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये ठेवलीय.

सूचना: आज गुळणी नाही, थुंकायचं नाही, गरम नाही. आठवडाभर स्ट्रॉने काही प्यायचं नाही, ओढायचं नाही. मनात म्हटलं, स्ट्रॉने पितंय कोण इथे.

दादाकडेच राहिले. वहिनीने पेज केली, गार करून आणली. दुपारी चार तास झोपले. श्रावणात, ऐन घाईत, चार तास. कोणी हाक मारली नाही, फोन वहिनीने लपवून ठेवला होता. संध्याकाळी दादा नदीकडे घेऊन गेला. कुंडलिका भरून चाललीय. अर्धा ओठ बधीर, लाळ गळतेय, आणि मी खुशीत. लग्नाआधीसारखं वाटलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

बुधवारीच घरी आले. गाल आता हिरवट-पिवळा, पण दुखत नाही. आज बसले कामाला. आक्काने पाट मांडून रंग ढवळून ठेवला होता. छप्पन्न जोड्या! तीन दिवसांचं अडलेलं थोडं तरी उरकलं. रात्री मऊ भात आणि वरण, पोटभर. उगीच घाबरले होते.

९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा. पहाटेपासून दुखतंय. आधी होतं ते काहीच नव्हतं. दाढ गेली त्या भोकातून कानात, कानातून डोक्यात. तोंडाला घाण वास. दादा राखीला आला, त्याला कसंबसं ओवाळलं. आक्काने माझ्यासाठी म्हणून मऊ नारळीभात केला होता. दोन घासही गेले नाहीत. तिने झाकून ठेवला.

१० ऑगस्ट, रविवार

कालच दादाबरोबर रोह्याला आले. रविवार असून डॉक्टरिणीने दवाखाना उघडला.

स्ट्रॉने प्यायलात? नाही. तंबाखू, मिश्री? नाही. जोरात चुळा? नाही. मग काम काय करता, नीट सांगा. मी तिच्या टेबलावरचं पेन उचललं आणि दाखवलं. कुंचला रंगात बुडवायचा, ओठांत धरून टोक ओढून घ्यायचं, मग रेघ. परत बुडवायचा, परत ओठांत.

तिने हातातला आरसा खाली ठेवला. "एका डोळ्याला किती वेळा?"

दोनदा, तीनदा. मी हिशोब केला नव्हता, तिने केला. शुक्रवारी तीनशेच्या वर वेळा ओढलं होतं मी. जखमेत रक्त गोठून बसतं तेच तिचं झाकण, ते मी माझ्या तोंडाने ओढून काढलं. आतलं हाड उघडं पडलंय. वर काळा रंग गेला तो वेगळा. मग ती हसायला लागली, मलाही हसू आलं आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं.

औषधाची पट्टी भरली आत, लवंगेच्या वासाची. एक दिवसाआड यायचं. कुंचला तोंडात घालायचा नाही, आता नाही आणि पुढेही नाही. तीनशे वेळा केलं आणि एकदाही लक्षात आलं नाही, याचं नवल वाटतंय. आता श्वास घेताना कोणाच्या लक्षात असतं?

१३ ऑगस्ट, बुधवार

पट्टी काल बदलली. दुखणं निम्म्यावर.

ओठांशिवाय आखणी. चिंधीवर टोक काढून बघितलं, नखावर बघितलं. कुंचल्याचे केस फाकतात. आठ छोट्या मूर्ती केल्या, आठही दचकल्यासारख्या. पुसाव्या लागल्या. मंडळाची सतराला जायची, हात असा. घाबरले आहे, इथे लिहायला काय हरकत.

आक्का ओल्या फडक्याने डोळे पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नखावर नको. मनगटाच्या आतल्या अंगाला ओढ." ओढलं. टोक आलं. तुला कसं माहीत, विचारलं तर फडकं पिळायला बाहेर गेली.

आखणी खरं तर तिच्याकडे यायची होती. माझ्या आधी दहा वर्षं ती या घरात आलेली. पण सासूबाईंचा हात थकला तेव्हा आक्काला नुकता चष्मा लागला होता. सासूबाई म्हणाल्या, चष्मेवालीच्या हातून डोळे नाय, आणि कुंचला माझ्याकडे दिला. अठरा वर्षं झाली. आता मलाही चष्मा आहे. त्यावर घरात कोणी बोलत नाही, मी तर मुळीच नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

हे लिहून ठेवायलाच हवं.

मंडळाच्या मूर्तीला बसले. अंघोळ करून, नेम पाळून. सासूबाईंचे नेम दोनच. आखणी चालू असताना बोलायचं नाही. आणि जोडी पुरी झाल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही. एक डोळा उघडा आणि एक कोरा, असा देव सोडून जायचं नाही. ताप असो, पाहुणे असोत, हा नेम त्यांनी स्वतः कधी मोडला नाही, मीही नाही.

उजवा डोळा चांगला झाला. मनगट काळंभोर झालं, पण रेघ माझीच आली. मग पट्टी निसटली असावी. एकदम कळ आली, जबडा आवळला, डोळ्यांतलं पाणी चष्म्यावर. हात थरथरायला लागला. थांबले. परत नेला, परत थरथर. मूर्तीच्या गालाजवळ कुंचला नेला तर नक्कीच ओरखडा उठला असता. किती वेळ गेला माहीत नाही.

समोर आक्का मुकुट रंगवत होती. बोलायचं नव्हतं. मी कुंचला तिच्याकडे धरला.

तिने बघितलं. कुंचल्याकडे नाही, माझ्याकडे. बराच वेळ. मला वाटलं नाही म्हणणार, आणि खरं सांगायचं तर एक क्षण वाटलं, म्हणू दे. मग तिने पदराला हात पुसले, चष्मा पुसला आणि आली. मी उठले नाही, उठता येत नव्हतं, बाजूला सरकले. एका पाटावर दोघी, खांद्याला खांदा. तिने मनगटावर टोक ओढलं आणि एका दमात वरची रेघ, खालची, बुबुळ. हात जरासुद्धा अडखळला नाही.

"झाला," म्हणाली आणि कुंचला धुवायला गेली.

१६ ऑगस्ट, शनिवार

सकाळी रोहा, नवी पट्टी. दुपारी परत.

मूर्तीसमोर पाऊण तास बसले. माझा डोळा सरळ बघतो. आक्काच्या डोळ्याची खालची पापणी किंचित भरलेली, नजर थोडी खाली, समोर उभं राहणाऱ्याकडे. माहीत असेल त्यालाच दिसेल. मला दुसरं काही दिसत नाही.

शेवटी विचारलंच, कुठे शिकलीस. "फुटक्या मूर्तींवर. दुपारची तू जेवून पडतेस तेव्हा." किती वर्षं? ते मोजलं नाय म्हणाली. मग बोलली का नाहीस कधी?

"इचारलं नाय कुणी, गो."

रागाने नाही म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. लाज वाटली. आणि तिचा डोळा माझ्यापेक्षा चांगला आहे याचा हेवाही वाटला, तो अजून आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

टेम्पो आला. मंडळाचे वयस्कर अध्यक्ष आले होते, हात जोडून मूर्तीसमोर उभे राहिले ते राहिलेच. म्हणाले, "या वर्षी माझ्याकडेच बघतोय."

हे लगेच म्हणाले, आमच्या हिचा हात. आक्का तिथेच होती, चहाचा ट्रे घेऊन. मी बोलायला हवं होतं. तोंडात पट्टी होती हे काही कारण नाही, चहा घ्या म्हणायला तोंड उघडलंच होतं. टेम्पो गेला.

बारा दिवसांनी पोळी खाल्ली, डाव्या बाजूने. वर आळूचं फदफदं. इतकी गोड लागली की खाताना आक्काकडे बघवेना.

१९ ऑगस्ट, मंगळवार

यांना सांगितलं, एक डोळा आक्काचा. विश्वास बसेना. मोबाईलमधला फोटो काढून म्हटलं, ओळखा. मोठा करून बघितला, उलटसुलट करून बघितला. मग अगदी खात्रीने डाव्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाले, हा तुझा, हा चांगला आहे.

हसून हसून जबडा दुखला. चिडले नाही, खरंच. थोडी चिडले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

डॉक्टरिणीने शेवटची पट्टी काढली. जखम भरत आलीय, गुलाबी झालीय, आता काही घालायला नको. डावीकडच्या दाढेसाठी विसर्जनानंतर या म्हणाली. मी तिच्यासाठी वीतभर मूर्ती नेली होती. खूश झाली. डोळे निरखून विचारलं, हे तोंडाने की मनगटाने? मनगट दाखवलं. काळा डाग आता साबणाने जात नाही.

गाडीत खिडकी मिळाली. नागोठण्यापर्यंत भातं पोटरीला आलेली दिसत होती. छान वाटलं सगळं.

२४ ऑगस्ट, रविवार

काल श्रावण संपला, आज घरी मासे, जिताडं. दोन्ही बाजूंनी चावून खाल्लं. आक्काने माझ्या पानात पोटाचा तुकडा वाढला.

बुधवारी चतुर्थी. उद्यापासून लोक न्यायला येतील. एकशे नव्वद मूर्ती डोळ्यांविना राहिल्यात. दोन दिवस आहेत. मनगटाची सवय झालीय, हात बसलाय. एकटीने होईल. ओढाताण होईल, पण होईल.

तेच दिवसभर डोक्यात. त्या दिवशी कुंचला पुढे केला त्यात माझं काय मोठेपण? कळ आली होती, इलाज नव्हता. आज काही दुखत नाही. आज दिला तर तो दिलेला.

संध्याकाळी रंगाच्या वाट्या धुताना तिच्या शेजारी जाऊन म्हटलं, उद्या तूही बस. अर्ध्या तू, अर्ध्या मी. फार मोठ्याने म्हटलं, हे आत होते त्यांना ऐकू जावं म्हणून. आक्का वाटी घासत राहिली. वाटी धुऊन, पालथी घालून झाल्यावर म्हणाली, "किती वाजता बसतेस?"

मी म्हटलं, सहाला.

का म्हटलं कुणास ठाऊक. मी साडेपाचला बसते. आणि साडेपाचचा चहा अठरा वर्षं मला तीच आणून देते.