सकाळची बासी

बालाघाट, रविवार

माय,
दुरूनच तुह्या पाया पडते.

होस्टेलचा फोन वार्डन बाईच्या टेबलावर राह्यते अन् साऱ्याजणी कान देऊन ऐकतात, म्हणून चिठ्ठी लिहून राह्यली. सकाळी उठलं का मळमळते, डोळ्यापुढं अंधारी येते, दोनदा प्रार्थनेत मटकन खाली बसली, हे खरं हाये. पण बाबाले सांग, मले न्यायले येऊ नका. बारावी मी इथंच करीन.

डॉक्टरीन बाईले दाखवलं. बीपी कमी हाये म्हणे. झटक्यानं उठू नको, उपाशी राहू नको, पाणी जास्त पी. रक्ताचा रिपोर्ट गुरुवारी भेटन. तू उगाच नवस बोलू नको.

खरं सांगू का, इथं आल्यावर मी बासी सोडली होती. पाण्यात भिजवलेला रातचा भात पाहून पोरी हासत, म्हणून नऊ वाजेपर्यंत नुसत्या चहावर राहत होती. आता खाटेवर बसूनच मीठ-कांद्यासंगं बासी खाते, मंग उठते. हासो कोणी! चार दिवस झाले, प्रार्थनेत उभी हाये.

एक विचारू? घरी सारी बासी तू माह्याच ताटात टाकत होती. मंग तू दुपारपर्यंत कायच्यावर राहत होती? चुलीजवळून उठताना तू बी भिंत धरतं, मी पाह्यलं हाये.

गुरुवारी तिरोडीहून पहिल्या बसनं ये. तुहं बी रक्त तपासू. "मले काय झालं?" म्हणू नको.

अन् बासी खाऊन निघजो.

तुहीच,
श्रिया