थांबण्याची खूण

४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी एकोणीस तारीख दिल्याचं वहिनीने कळवलं. स्वरयंत्र काढायचंच आहे, तर त्याआधी चार दिवस आमच्या प्रयोगशाळेत ये. सहाशे वाक्यं वाचलीस की तुझा आवाज यंत्रात उतरेल. पुढे कॅमेऱ्यासमोर हाताने खूण केलीस की ते तुझ्याच आवाजात बोलेल, न वाचलेले शब्दसुद्धा. चालढकल नको, दादा. माझं इथे कशात लक्ष लागत नाही.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी ठकू

९ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आशीर्वाद.

वाक्यांची यादी पोचली. ‘आज हवा आल्हाददायक आहे’! एवढं गोड मी लग्नातसुद्धा बोललो नव्हतो. तेवीस वर्षं क्रेनखाली उभा राहून इशारे देतोय. वरच्या चालकाला आवाज ऐकू जात नाही, तिथे हातच चालतात. मग आवाजाचं एवढं काय, असं सगळ्यांना सांगत फिरतो, आणि सांगून झालं की गच्चीवर येरझारा घालतो. हे तुझ्या वहिनीला कळवू नकोस. सोमवारी पोचतो.

तब्येतीला जप.
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

यंत्र लावून तीन आठवडे झाले. तू त्यावर टॉवेल टाकून ठेवलायस आणि विचारलं की पाटीवर ‘नंतर’ लिहितोस, असं वहिनी लिहिते. मार्गदर्शक रोज नोंदी मागतात, माझा पीएचडीचा प्रबंध अडलाय. पण जीव त्यासाठी टांगणीला लागलेला नाही. तुझ्या दुखण्यावर मी माझी पोळी भाजून घेतली का, हे मनातून जात नाही. रागावला असशील तर रागाचं पत्र पाठव, पण पाठव.

ठकू

२७ फेब्रुवारी

चि. ठकूस, आशीर्वाद.

वेडे, राग कसला? आमच्याकडे तळवा खाली करून हात आडवा फिरवला की ‘थांब’. तुझ्या यंत्रात तीच खूण ‘बोल’ आहे. ते भलतं बोलायला लागलं की मी ‘थांब’ची खूण करतो, ते आणखी बोलतं. म्हणून तो टॉवेल. परवा मुकादम भेटायला आला म्हणून टॉवेल काढला, तर यंत्राने त्याला सात वेळा, माझ्या आवाजात, भूक लागल्याचं सांगितलं. तो बिचारा फळं सोलायला बसला. हसलो, पण आवाजाविना हसताना फार विचित्र वाटतं गं. ही खूण मी बदलणार नाही. सवय मोडली तर उद्या क्रेनखाली कुणाचा तरी जीव जाईल.

दादा

६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

चूक माझी. खुणा ठरवताना वीस विद्यार्थ्यांना विचारलं. त्यांत ओझं उचलणारं कुणीच नव्हतं. मार्गदर्शकांनी नाक मुरडलं तरी प्रबंधात तसंच लिहिणार. शनिवारी येते. खुणा तू सांगशील तशा बसवू.

वहिनीला नमस्कार.
ठकू

२५ मार्च

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर बरेच दिवस मी यंत्राकडे फिरकलो नाही. काल सकाळी तुझी वहिनी बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, पाठ माझ्याकडे. पाठमोऱ्या माणसाला हात काय दाखवणार? टाळी वाजवून बायकोला बोलवायची लाज वाटते. म्हणून खूण केली. यंत्राने ‘अगं, ऐकतेस का’ म्हणून हाक मारली. मान न वळवता तिने सांगितलं, की आले, एवढी चादर झटकते. मग चादर हातात तशीच राहिली. ती वळली तेव्हा चेहरा बघवेना. कशाला बोलावलं ते तिने विचारलं नाही, मलाही आठवेना.

आज सकाळपासून ती काही काम नसताना पलीकडच्या खोलीत जाऊन बसते, आणि मी हाक मारेपर्यंत येत नाही.

दादा