तुळसा : नंतर विचारणे

नागपूर,
६ नोव्हेंबर २०२५

चि. उन्नती हिस,
सप्रेम जयभीम.

तुझी व अश्विनरावांची प्रकृती ठीक असेल, असे गृहीत धरतो. मुद्दाम स्पीड पोस्टाने लिहितो आहे; फोनवर तू मध्येच बोलतेस.

रविवारी, १६ तारखेला, आईच्या स्मरणार्थ होणाऱ्या पुण्यानुमोदनाची व्यवस्था पूर्ण झाली आहे. भन्तेजी साडेदहाला येतील. निमंत्रणपत्रिका मी तीनदा परत पाठवली. छापणाऱ्याला साधी चौकट सरळ काढता येत नाही.

त्या दिवशी आईचे ध्वनिमुद्रण ऐकवावे, ही तुझी सूचना मी नाकारली. दर्जा समाधानकारक नाही, असे कारण दिले. ते खोटे होते. आवाज अगदी स्वच्छ आहे.

अकरा वर्षांत आईच्या आठवणी मुद्रित करण्याच्या एकेचाळीस बैठका झाल्या. नऊ वर्षांची असताना कळमेश्वरकडच्या खेड्यातून ती धम्मदीक्षेसाठी नागपूरला पायी आली. पांढरे लुगडे वाटेत मळू नये म्हणून आजीने ते गाठोड्यात बांधून डोक्यावर आणले होते. त्या प्रवासाचा निर्दोष ग्रंथ मला लिहायचा होता. इतिहासाचा प्राध्यापक म्हणून तेवढे तरी मी तिचे देणे लागत होतो.

पहिल्या बैठकीला तू होतीस. वेळ कधी संपतच नसता तर कोणी काय केले असते, असे तू गमतीने विचारलेस. मी म्हणालो, एकच पुस्तक, पण बिनचूक. तू हसलीस. "दादा, तुले हजार वर्षं भेटली तरी तू प्रस्तावनाच लिहून राहशील." आणि चहा ठेवायला आत गेलीस. आईचे उत्तर तू ऐकले नाहीस. ते मुद्रणात आहे.

"मी तं गावावून पुन्हा पायी येईन. या खेपी सावकाश. तुळसाले रस्त्यात बसवून नाई येणार."

त्यावर माझा आवाज : "विषयांतर नको, आई. आधी तारीख सांग."

ती शाळेतल्या मुलीसारखी तारीख सांगते. साऱ्या जगाला पाठ असलेली तारीख.

वहीच्या समासात माझ्या सुबक अक्षरात नोंद आहे, 'तुळसा : नंतर विचारणे.' पुढच्या चाळीस बैठकांत मी विचारले नाही. तिनेही ते नाव पुन्हा घेतले नाही.

गेल्या उन्हाळ्यात, ती मला ओळखेनाशी झाल्यावर, विचारले. ती बिचकली. पदर सावरून म्हणाली, "सर, तारीख सांगू का?"

तू तिची वेणी घालताना ती तुझ्याशी तासन्‌तास बोलत असे आणि तू तिला कधी थांबवत नसस. त्या गप्पांना मी वेळेचा अपव्यय म्हणत असे. तेव्हा तिने तुला सांगितले असेल. तुळसा बहीण होती की मैत्रीण? कोणी तिला आणायला परत गेले का? ठाऊक असेल तर कळव.

ठाऊक नसले, तरी त्या रविवारी पहिल्या बैठकीचे ते मुद्रण लाव. माझा आवाज मात्र कापू नकोस.

तुझा,
दादा