आईनं सोडलेलं मीठ

आये, परवा नातीला घेऊन मीरा रोडला डॉक्टरांकडे गेले होते. डोक्याच्या डॉक्टरबाई. आता तसं म्हणत नाहीत, मनाच्या म्हणतात. पोरगी कॉलेजात जाते, पण हल्ली आठवडा-आठवडा झोपत नाही, तोंडाचा पट्टा चालू असतो, आणि मग एकदम भिंतीकडे तोंड करून पडून राहते. बाईंनी आम्हा तिघींना समोर बसवलं, तिला, माझ्या लेकीला आणि मला, आणि इतक्या निवांत विचारपूस केली की मला वाटलं आता चहा सांगतात की काय. मग म्हणाल्या, "घरात आधी कुणाला असा त्रास होता का?" लेक मान हलवून नाही म्हणायला निघाली होती. मी म्हटलं, "माझ्या आईला होता." एवढंसं वाक्य, पण मी ते कुणासमोर बोलले नव्हते, पोटच्या पोरीसमोरही नाही. बाईंनी औषधाचं नाव विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजी, ते आम्ही अजूनही देतो. फक्त रक्त तपासत राहायचं, आणि मीठ-पाणी नीट घ्यायचं." मीठ म्हटल्यावर मला हुंदकाच आला. लेक घाबरली, नात पाठीवरून हात फिरवायला लागली. आजारी कोण होतं तेच कळेना.

घरी आल्यापासून तुझ्याशीच बोलतेय, नातीच्या वहीत लिहून. नवघरचं आपलं घर, मागची खोली, तिच्या दाराला बाहेरून कडी. ती कडी बाबांनी हौसेनं बसवली नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. तुला वारं लागलं की तू घरातली भांडी रस्त्यावर उभी राहून वाटून टाकायचीस. एकदा खाडीत गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून लग्नातले धवले गात होतीस आणि भरती चढत होती. बाबा आणि काका तुला ओढून बाहेर काढत होते आणि तू त्यांनाच वऱ्हाडी समजून मानपान विचारत होतीस. गावातले लोक बांधावर उभे राहून हसले. त्या दिवसानंतर कडी आली. बाबा मिठागरावर जाणार, भाऊ त्यांच्या हाताखाली, मग तुझ्यापाशी कोण? मी सातवीत होते. बाबा म्हणाले, "शाला काय पलून जात न्हाय." शाळा पळून गेली नाही खरी, मीच परत गेले नाही.

मला अजून दिसतं, मी मागच्या ओटीवर, त्या दाराबाहेर बसलेय. तू आतून दार वाजवतेयस. "बाय, दार उघर. मी कुठं जात न्हाय, फक्त परसात जाते." मी म्हणते, आत्ताच जाऊन आलीस ना. तू म्हणतेस, "मंग बोल तरी माझ्याशी." मी बोलत नाही, कारण बोललं की तू गोड बोलून मला पाघळवतेस आणि मी कडी काढते, हे दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा बाबांचा मार मी खाल्ला होता. माझ्या वयाच्या पोरी पाण्याला जाताना मला हाक मारायच्या आणि मी नुसता हात हलवायची. तुला कोंडलंय हे अख्ख्या गावाला दिसत होतं. मी त्या दारापासून हाकेच्या अंतराबाहेर कित्येक वर्षं गेले नाही, ते कुणाला दिसायचं कारणच नव्हतं. मला तुझी दया यायची आणि तुझा संतापही यायचा, आणि दोन्ही एकदम आले की मी तांदूळ निवडायला घ्यायची.

उपाय कमी झाले नाहीत. आधी भगत झाला, त्यानं अंगारा लावला आणि कोंबडं नेलं. मग मुंबईचं मोठं इस्पितळ. तिथे शॉक दिले, त्यानं तू शांत व्हायचीस, पण घरी आल्यावर माझं नाव आठवायला तुला वेळ लागायचा. मग गोळ्या आल्या. त्या गोळ्यांनी तुझं गाणं थांबलं आणि तूही थांबलीस. हात ताठ, तोंडातून लाळ, चालताना पाय फरफटत. बाबा म्हणायचे, "हिच्यापरीस ती गानारी बरी होती." आणि मग एका खेपेला ते तरुण डॉक्टर भेटले, तुला मावशी म्हणणारे. ते म्हणाले, एक नवं औषध आलंय, लिथियम. तेही एक क्षारच आहे, आपल्या मिठाचं भावंड म्हणा. बाबांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "मंग आमचीच वस्तू की, सायब!" डॉक्टर हसले, पण लगेच बोट वर करून म्हणाले, "जेवणातलं मीठ मात्र कमी करायचं नाही. पाणीही भरपूर. नाहीतर हेच औषध विष होईल." बाबा परतताना सगळ्या वाटेत हसत होते. आगरावर जन्म गेला, घामानं सदऱ्यावर पांढरे डाग, राशी आभाळाला लागलेल्या, आणि हा शहाणा आपल्याला मीठ खायला सांगतो!

आणि तू खरंच बरी झालीस. माणूस इतकं साधं बरं होऊ शकतं, यावर आमचा विश्वास बसेना. तू चुलीपाशी बसायला लागलीस, भाकऱ्या थापायला लागलीस, मला म्हणालीस, "तुझे क्यास किती गुतलेत गं," आणि तेल घेऊन बसलीस. कडी काढून टाकली नव्हती, पण लावतही नव्हतो. बाबा माझ्यासाठी स्थळं बघायला लागले आणि तिथे गाडं अडलं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, आणि कुणीतरी त्यांना वाटेत गाठून सांगायचं की आई वेडी आहे. मग निरोपही यायचा नाही. काशीगावच्या एका बिजवराचं स्थळ आलं होतं, पदरात लहान मुलगी, हायवेवरच्या वर्कशॉपात नोकरी. बाबांनी ते परस्पर नाकारलं. म्हणाले, माझी पोर काय उष्ट्यावर पडलेली न्हाय.

तू हे सगळं चुलीपाशी बसून ऐकत होतीस. पूर्वी तुला काही कळायचं नाही, आता सगळं कळत होतं. त्या साली गावदेवीच्या जत्रेला तू गेलीस, ओटी भरलीस आणि मनातल्या मनात नवस बोललीस. पोरीचं लगीन लागेपर्यंत मीठ खाणार नाही. आपल्यात बायका असे नवस करतातच, कुणी चपला सोडतं, कुणी गोड सोडतं. तू मीठ सोडलंस. आणि कुणाला पत्ता लागला नाही, कारण आपल्या घरात बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, चुलीकडे तोंड करून, आणि तिच्या ताटात काय आहे हे कुणी बघत नाही. कालवणात मीठ घालायच्या आधी तू आपल्यापुरतं वाटीत काढून ठेवायचीस. सुकटही खाईनाशी झालीस. मी विचारलं तर म्हणालीस, तोंड आलंय.

मग तुझे हात कापायला लागले. पाण्याचा तांब्या धरवेना. उलट्या, जुलाब, चालताना झोक जायचा, जीभ जड. शेजारीण म्हणाली, पुन्हा वारं लागलं. भाऊ म्हणाला, गोळ्यांनीच झालं हे, बंद करा. बाबांनी कडीकडे बघितलं, मी बघितलं त्यांना बघताना. पण या खेपेला तू ओरडत नव्हतीस, नुसती विझत चालली होतीस, म्हणून आम्ही तुला उचलून इस्पितळात नेलं. ते डॉक्टर धावत आले. पहिला प्रश्न, "मीठ बंद केलं होतं का?" बाबा जवळजवळ रागावलेच. "सायब, आमी मिठागरावर राहतो. आमच्या घरात मीठ न्हाय असं होईल काय?" तेव्हा तू खाटेवरून म्हणालीस, जड जिभेनं, पण शब्द नीट कळले. "मी सोरलंय मीठ. देवीला बोललेय." बाबांनी विचारलं, कशासाठी? तू माझ्याकडे बोट केलंस.

सलाईन चढलं, गोळी बंद ठेवली, तू हळूहळू सावरलीस. डॉक्टर तुझ्यापाशी स्टूल ओढून बसले. "मावशी, गोळी आणि मीठ बरोबरच चालणार. मीठ खाणार नसाल तर मी ही गोळी देऊ शकत नाही." तू विचारलंस, "न्हाय दिली तर?" ते म्हणाले, आजार परत येईल, मग जुनी औषधं आणि शॉक. तू म्हणालीस, "मंग शॉक द्या." बाबा रडायला लागले. देवीची माफी मागू, दुसरा नवस करू, बकरं देऊ, सगळं बोलून झालं. तू मान हलवत राहिलीस. "माझ्यापायी पोर दारात बसून म्हातारी झाली. आता माझ्यानं तेवढं तरी होऊ दे." आये, मला तुझा इतका राग आला होता की तुझे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा शहाणी झालीस आणि शहाणपणाचं पहिलं काम हे!

व्हरांड्यात मी बाबांना म्हटलं, काशीगावला हो कळवा. ते म्हणाले, बिजवर हाय तो. मी म्हटलं, हो कळवा.

लग्नापर्यंतचे दिवस मला अजून अंगावर येतात. गोळी बंद. तू पुन्हा पहाटेच उठायला लागलीस, बोलणं भरभर व्हायला लागलं, एक दिवस सगळे हंडे अंगणात मांडून ठेवलेस. बाबा मांडवाच्या बांबूंकडे कमी आणि तुझ्याकडे जास्त बघत होते. लग्न आधी लागतंय की आजार आधी येतोय, एवढाच सवाल होता. अक्षता पडल्या आणि बाबा भर मांडवात वरणभाताचं ताट घेऊन तुझ्यापुढे बसले. तू चिमटीत मीठ घेतलंस, भातावर टाकलंस, पहिला घास खाल्लास आणि डोळे मिटलेस. वऱ्हाडी हसले, विहीणबाईंना भूक फार म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, आणि तू जगलीस, चांगली जगलीस.

काशीगावला यायचीस तेव्हा माझ्या चुलीपाशी बसून एकच म्हणायचीस, "माझ्यापायी तुझा जनम गेला गं बाय." मी चूल फुंकत राहायची. गाव मला देवमाणूस म्हणायचं, आईसाठी बिजवर पत्करला म्हणायचं. सासरी काही सुख ओतू जात नव्हतं; तिथेही भिंतीच होत्या, नवरा अबोल, सासू खाष्ट, सावत्र लेक तेवढी गळ्यात पडणारी. तू माझ्या तोंडाकडे बघत बसायचीस, आणि मी तुला बघू द्यायची.

खरं सांगू? व्हरांड्यात हो म्हणाले तेव्हा तुझं मीठ माझ्या डोक्यातही नव्हतं. त्या दारापाशी पुन्हा बसायला लागू नये, एवढंच होतं. आंधळा, पांगळा, कुणीही आला असता तरी मी गेले असते. तू घास खाल्लास तेव्हा सगळे तुझ्याकडे बघत होते आणि मी मला सासरी न्यायचा टेम्पो आला का ते बघत होते.

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि हे शेवटचं तेवढं मी गाळलं असतं.