रुग्णाने स्वतः उपस्थित राहावे

प्रिय टेबलशेजारी,

सप्रेम नमस्कार. (तू आता विभागप्रमुख झालास, तेव्हा 'माननीय' लिहायला हवं होतं. पण बावीस वर्षं आपली टेबलं एकमेकांना चिकटून होती आणि तू दुपारी फाइल उघडी ठेवून कसा झोपायचास हे मी रोज पाहिलं आहे. त्यानंतर माणूस माननीय होत नाही.) तुझी पाठ कशी आहे? वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असं कानावर आलं. त्यांना माझा नमस्कार सांग आणि इतक्यात जिने चढू नका म्हणावं. माझं बरं आहे. ताईचं बरं नाही.

ताई तुला आठवत असेलच. एकदा मला डबा द्यायला ऑफिसात आली होती आणि तुझ्या टेबलावरच्या तक्त्यातली बेरीज चुकल्याचं तुला उभ्या उभ्या दाखवून गेली होती. दोन वर्षांपासून ती माझ्याकडेच असते. कॅन्सर आता मणक्यात उतरला आहे. आजारावर करण्यासारखं काही राहिलेलं नाही, असं मोठ्या इस्पितळात सांगितलं. दुखण्यावर मात्र करण्यासारखं पुष्कळ आहे, असंही सांगितलं. दोन्ही खरं आहे. मॉर्फिनची गोळी वेळेवर मिळाली की ताई पेपर वाचते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते आणि झोपते. नाही मिळाली की ती भिंतीकडे तोंड करून पडते. तेव्हा सध्या मला आयुष्यात एवढंच काम आहे, की गोळी मिळाली पाहिजे. मध्ये अशा औषधांसाठीची तुमची नियमावली आहे.

पहिल्यांदा गेलो आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. हे गृहस्थ तीस वर्षं सर्दीपासून परीक्षेच्या भीतीपर्यंत सगळ्यावर एकच पांढरी गोळी देत आले आहेत आणि ती लागू पडते, कारण ती घेऊन माणूस घरी जातो आणि वाट पाहतो. मी मॉर्फिनचं नाव काढलं. त्यांनी उठून खिडकी लावली. मग दार लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, ''काका, ते नाव दवाखान्यात नका घेऊ.'' (बाहेर बाकावर दोन खोकणारी मुलं आणि एक आजी होती. यातलं कोण तुमच्या खात्याचं असेल, याचा मी घरी येईपर्यंत विचार केला. माझा संशय आजीवर आहे.) चौकशी केल्यावर कळलं की ही गोळी लिहून द्यायला दोन दिवसांचं प्रशिक्षण लागतं. डॉक्टर पहिल्या दिवशी गेले होते. त्या दिवशी दुखणं कसं ओळखावं ते शिकवलं. कसं थांबवावं ते दुसऱ्या दिवशी शिकवणार होते, पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं पोट बिघडलं. त्यामुळे ताईला दुखतंय एवढं ते अधिकृतपणे सांगू शकतात. तसं त्यांनी सांगितलं. फार दुखत असणार, म्हणाले.

मग मोठ्या इस्पितळातला वेदना विभाग. तो तळघरात आहे. लिफ्ट तळघरापर्यंत जात नाही. पाठीचे मणके गेलेल्या माणसांनी शेवटच्या अठरा पायऱ्या उतरून जायचं असतं. तिथली डॉक्टर तरुण आहे, हुशार आहे आणि भ्यालेली आहे. लोक टेबलाच्या काचेखाली मुलांचे फोटो ठेवतात, हिने तुमची नियमावली पसरून ठेवली आहे. ताईला काही विचारायचं झालं की ती आधी खाली काचेकडे बघते, मग वर ताईकडे. तासाभरात तिने ताईपेक्षा काच जास्त तपासली. तिचा दोष नाही. तिच्या आधी जो त्या खुर्चीत होता त्याने एका म्हाताऱ्याला ठरल्यापेक्षा चार गोळ्या जास्त लिहून दिल्या, म्हणून त्याची चौकशी अजून चालू आहे. म्हातारा केव्हाच गेला. चौकशी ठणठणीत आहे.

नियम असा की रुग्णाने आपलं दुखणं शून्य ते दहा या आकड्यांत स्वतःच्या तोंडाने सांगायचं. सात किंवा वर असेल तर गोळी. आता ताईने चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि त्या चौतीस वर्षांत कुणाला दहापैकी दहा दिले नाहीत. नऊ एकदा दिले होते, त्याचा तिला पुढे पश्चात्ताप झाला. (मी तिच्या हाताखाली दोन वर्षं शिकलो. सख्ख्या भावाला साडेतीन.) डॉक्टरने विचारलं, तेव्हा ताई बाकाची कड घट्ट धरून बसली होती आणि तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. तिने डोळे मिटून नीट विचार केला आणि म्हणाली, ''साडेचार.''

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मी ताईला म्हणालो, अगं, काल तू उशी दातात धरली होतीस. ताई म्हणाली, काल पाच होतं. डॉक्टर अजिजीने म्हणाली की आजी, थोडा विचार करून सांगा, सातच्या खाली मला काही लिहिता येत नाही. यावर ताईने तिला शाळेतल्या नजरेने पाहिलं. ''दहा म्हणजे याच्यापुढे काही उरलं नाही. मला तर अजून उरलेलं दिसतंय. मग मी आत्ताच सात देऊन बसले तर पुढे काय देऊ?''

तुमच्या नियमावलीत याला उत्तर नाही. मी काचेवर वाकून पाहिलं. शेवटी त्या पोरीलाच सुचलं. तिने विचारलं, आजी, तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीला नेमकं असंच दुखत असतं तर तिला किती दिले असते? ताईने त्या मुलीचा पेपर मनात तपासला. मग म्हणाली, ''तिला आठ. तिने सोसायचं काय कारण?'' डॉक्टरने आठ लिहिलं आणि लगेच पान उलटलं, ताईने पुनर्तपासणी करायच्या आत.

चिठ्ठी मिळाली, तीन प्रतींत. पुढे दुकान. ही गोळी ठेवायचा परवाना अख्ख्या गावात एका दुकानाला आहे आणि ते गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तीन पायऱ्या चढून. आणि इथे येतं तुमचं कलम नऊ. मी बरीच कलमं पाहिली आहेत, त्यांच्यातच माझी हयात गेली, पण हे वेगळं आहे. औषध नेताना दर वेळी रुग्णाने स्वतः उपस्थित राहावे आणि नोंदवहीत सही करावी. दर वेळी म्हणजे दर चौदा दिवसांनी. विचार स्वच्छ आहे. ज्याला येता येतं त्याला गोळीची एवढी गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला येता येत नाही. गैरवापर शून्य. वार्षिक अहवालात हे तुम्ही यश म्हणून छापत असाल, रंगीत आलेखासकट. ताईचं मत असं की ज्याने हे लिहिलं त्याला पुन्हा पाचवीत बसवायला हवं. मी तिला दुजोरा दिला.

भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर ताईला आडवं करून नेलं. दुकानदाराला म्हटलं, वही घेऊन दोन मिनिटं बाहेर या. तो भला माणूस आहे, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. म्हणाला, वही दुकानाबाहेर न्यायची नाही असं लिहिलंय. मग मी आणि ड्रायव्हरने ताईला खुर्चीत बसवून खुर्ची उचलली. (ड्रायव्हरने वर पोचेपर्यंत नियम करणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी ऐकून घेतलं, माझे दोन्ही हात गुंतलेले होते.) काउंटरवर छापील फॉर्म. ''मी स्वतः येऊन औषध घेतले आहे'', आणि खाली सही. ताईने चष्मा मागितला. फॉर्म वाचला. 'येऊन' या शब्दावर काट मारली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ''उचलून आणल्यामुळे''. मग सही केली. दुकानदाराच्या चेहऱ्याकडे पाहवेना. खाडाखोड झालेला फॉर्म रद्द होतो, फॉर्मबरोबर चिठ्ठी रद्द होते आणि डॉक्टर मंगळवारीच बसते. तो बुधवार होता.

त्या सहा दिवसांबद्दल मी तुला लिहीत नाही.

पुढच्या बुधवारी पुन्हा गाडी, पुन्हा खुर्ची, तोच ड्रायव्हर. (या वेळी त्याने आठव्या पिढीला हात घातला.) दुकानदाराने फॉर्म पुढे केला आणि ताईने चष्मा न मागता सही केली. ताईने न वाचता सही केली, शेजारी. मी तिला त्रेसष्ट वर्षं ओळखतो. परतताना गाडीत तिने मला एवढंच विचारलं की आपण घरी पोचलो का. आम्ही दुकानासमोरच होतो.

त्यानंतर आणखी एक फेरी झाली. आता ती उठून बसू शकत नाही. मान वर केली तरी तिचा श्वास अडकतो. गोळ्या येत्या शुक्रवारपर्यंत पुरतील. तुमच्या नियमावलीने तिच्यासाठी काय योजलं आहे हे मी शनिवारी तुला कळवू शकेन.

असो. हकिगत लांबली. तू कामात असशील. पाठीला जप, कडक खुर्ची वापर आणि वहिनींना सांभाळ.

तुझा,
जुना टेबलशेजारी

ता. क. सोबत एक अर्ज जोडला आहे. कलम नऊ, उपकलम तीन: रुग्ण येऊ शकत नसल्यास विभागप्रमुख आपल्या अधिकारात सूट देऊ शकतात आणि घरच्या माणसाला औषध नेता येतं. दोन डॉक्टरांचे दाखले मागे टाचले आहेत. शुक्रवारच्या आत सही झाली तर बरं.

ता. क. दुसरा. वर मी 'तुमची नियमावली' असं बऱ्याच वेळा लिहिलं. आठ कलमं समितीची होती. नववं माझं. नातेवाईक गोळ्या विकतात अशी त्या आठवड्यात पेपरात एक बातमी आली होती आणि वरून काहीतरी कडक घाला असा निरोप होता. एका दुपारी चहा यायच्या आत मी ते लिहिलं आणि मला ते आवडलं. मसुदा तुझ्या टेबलावर सरकवला तेव्हा तू विचारलंस, ''ज्याला उठताच येत नाही त्याचं काय?'' म्हणून मी उपकलम तीन घातलं, आणि असं घातलं की ती सूट कुणाला मिळू नये. मी निवृत्त होईपर्यंत त्याखाली अकरा अर्ज आले. अकराही अर्जांवर मी 'नियमात बसत नाही' असा शेरा मारला. त्यातले बरेच बसत होते. ताईला यातलं काही माहीत नाही. तू सांगणार नाहीस, पण तरी लिहून ठेवतो.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. दोन्ही दाखले एकाच तारखेचे असावेत, अशी अट आहे. तीही माझीच. दुसरे डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते, त्यामुळे दाखल्यांत एका दिवसाचं अंतर पडलं आहे. मी तुझ्या खुर्चीत असतो तर एवढ्यावरून अर्ज परत पाठवला असता. तू तारखा पाहू नकोस.