वॉर्ड नंबर चारची दयेची वही

१६ ऑगस्ट १९७२, बुधवार
काल झेंडावंदन झालं आणि लगेच नगरपालिकेचा ठराव — स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली, म्हणून शहरात दयाभाव वाढवायचा! हे तिथेच कारकून, ठराव ह्यांच्याच अक्षरातला. मी विचारलं, "वाढवायचा म्हणजे कसा? पाणीपट्टीसारखा?" हे हसले नाहीत. प्रत्येक वॉर्डात एक वही. कुणी कुणावर काय दया केली ते त्यात लिहायचं. लिहायला मॅट्रिक झालेली बाई हवी — आणि ह्यांनी मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं!

१९ ऑगस्ट
वही आली. आखीव, जाड कागदाची. मी आलेली पाकिटंसुद्धा उलटून वापरते, त्यामुळे पहिलं पान खराब करवेना. चार रकाने — कोणी, कोणावर, काय, शेरा. आधी देवघरात यमाईपुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं, मग लेखणी धरली.

२२ ऑगस्ट
लोक आपणहून येतात! शेजारच्या अंबूबाई सकाळीच दारात. "लिवा वैनी, मुंग्यास्नी साखर घातली." किती मुंग्या लिहू, म्हटलं. "आवं, साखर लिवा की! मुंग्या काय मोजत्यात व्हय?"

मग लालासाहेब. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, उसाचा मोठा मळा. मिशीला पीळ देत म्हणाले, "मैदानावरच्या धनगरांस्नी वीस पेंढ्या कडबा दिला. शेऱ्यात लिवा — फुकट." लिहिलं.

पण एक किडा डोक्यात वळवळतोय. देणारे सगळे येतात. घेणारा एकही येत नाही. असा एकतर्फी ताळा माझ्या घरखर्चाच्या वहीत कधी बसला नसता.

२६ ऑगस्ट
म्हणून स्वतःच गेले, शाळेमागच्या मैदानावर. म्हसवडकडची माणसं. दरसाल दिवाळीनंतर मेंढरं घेऊन येतात. यंदा तिकडे पाऊसच नाही, आषाढातच आली. धोंडुबाई म्हणून एक म्हातारी, तिची सून राहीबाई गरोदर, दिवस भरत आलेले. मुलगा मेंढरांमागे रानोमाळ.

विचारलं, लालासाहेबांनी कडबा दिला का? "दिला की! आन् लेंड्या न्हेल्या खताला, दोन गाड्या भरून." शेऱ्यातलं 'फुकट' तिथल्या तिथे खोडलं!

"बाई, तुमी हे लिवून करताय काय?" कुतूहल आवरेना. सगळंच उतरवून आणलं — अकरा बिऱ्हाडं, प्रत्येकाचं नावगाव, माणसं किती, पाल कुठल्या झाडाखाली.

९ सप्टेंबर
दर शनिवारी वही कचेरीत तपासायला जाते. अध्यक्ष म्हणाले म्हणे, एवढी पक्की वही कुठल्याच वॉर्डाची नाही! गल्लीत गूळ वाटला. जरा फुशारकीच झाली. यमाई, पदरात घे.

२३ सप्टेंबर
गांधी जयंतीला मैदानावर समारंभ, सगळ्यांत दयाळू वॉर्डाचा सत्कार. आमचाच वॉर्ड! वहीतून वाचून दाखवणार. मांडव घालायचा, म्हणून तीस तारखेपर्यंत मैदान मोकळं करायच्या नोटिसा निघाल्या आहेत. अकरा नोटिसा, नावानिशी.

"पण कचेरीला त्यांची नावं कुठून मिळाली?"

हे चहा ढवळत म्हणाले, "तुझ्याच वहीतून. एक नाव चुकलेलं नव्हतं."

२४ सप्टेंबर
शाळेच्या कोपऱ्यापर्यंत गेले, तिथूनच परत आले.

२५ सप्टेंबर
गेले. धोंडुबाईने पदराची गाठ सोडून कागद पुढे केला. "शिपाई देऊन गेला. हे बी दयेतलंच हाय का, बाई?"

वाचून दाखवला. 'जागा खाली करावी.' ह्यांचंच अक्षर. शेवटी एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं — ही सवय ह्यांची एकट्याची. मग सांगून टाकलं, तुमची नावं मी दिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आमाला कवातरी जायचंच आस्तंय. पर सुनंचा ह्यो महिना —"

२७ सप्टेंबर
राहीबाईला पहाटे मुलगी झाली.

२८ सप्टेंबर
तीसला निघायचं म्हणजे बाळाची पाचवी वाटेतच येणार. पाचव्या दिवशी कोरा कागद नि लेखणी ठेवायची, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते. धोंडुबाईचा जीव त्यातच अडकलाय. "चालत्या घोडीवर ती कुठं लिवणार? पोर बिनलिवल्याची ऱ्हाईल की, बाई!" मी मॅट्रिक आहे, पण मला हसू आलं नाही.

ह्यांना म्हटलं, दोन दिवस थांबवा ना. "माझ्या हातात लिहिणं आहे. थांबवणं नाही."

२९ सप्टेंबर
दिवस मोजून पाहिले. बाळंतिणीचं सुवेर दहा दिवसांचं, सहा तारखेला फिटतं. आपल्याकडे घट बसतात आठला. मध्ये एक अख्खा दिवस सारवायला! मागची पडवी रिकामी. देवघराची भिंत लागून आहे खरी. यमाईला कौल लावला. फूल ना उजवीकडे पडलं, ना डावीकडे — जागचं हललंच नाही! म्हणजे काय? मीच ठरवायचं?

३० सप्टेंबर
आणलं. राहीबाई घोडीवर, पोर धोंडुबाईच्या पदराखाली. बाकीची दहा बिऱ्हाडं पलूसच्या वाटेला लागली.

अंबूबाई धावतच आल्या. "वैनी! देवाच्या भिंतीला सुवेर?" म्हटलं, "तुम्ही चौकशीला आलात, तेही लिहू का वहीत?" गेल्या!

ह्यांना विचारलं नव्हतं. माझं नाव देताना मला तरी कुठे विचारलं होतं! कचेरीतून आले, पडवीतलं रडणं ऐकलं. चपला आवाज न करता काढल्या.

१ ऑक्टोबर
पाचवी. तिन्हीसांजेला पाटा-वरवंटा मांडला, दिवा लावला. आणि कोरा कागद? माझ्या घरात कोरा कागद! सगळे दोन्ही अंगांनी लिहिलेले. कोरी पानं फक्त त्या वहीत. तीच उघडून ठेवली, शेजारी ह्यांचा पेन.

"एवढी थोरली? पोरीला काय तलाठी करायची हाय?" धोंडुबाई म्हणाली, आणि राहीबाईसुद्धा पोट धरून हसली. किती दिवसांनी!

हे दारात येऊन उभे. "उद्या समारंभात ती वही लागणार आहे." म्हटलं, "ह्या पानावर आता सटवाईशिवाय कुणी लिहायचं नसतं."

२ ऑक्टोबर
हे टोपी घालून समारंभाला गेले. हात रिकामे. वही पाट्यापाशीच आहे.

पान बघितलं. 'कोणी' रिकामा. 'कोणावर' रिकामा. 'काय' रिकामा. शेऱ्यात एकच ओळ — 'राहू द्यावे.' शेवटी रेघ. रेघेखाली दोन टिंबं.